एक ‘ट्रॅप’, चार बातम्या

तुम्ही जुन्नर किंवा आंबेगावचे असाल तर फोनवर गावाचा एक ग्रुप असणारच, आणि त्यावर बिबट्याचा मेसेज अधूनमधून पडणारच. समजा, एक दिवस कुणीतरी इंग्रजीत टाकलं, ‘फीमेल लेपर्ड कॅमेरा-ट्रॅप्ड निअर द कॅनाल.’ तुम्ही गावातले कॉलेजवाले. सगळे विचारणार, ‘काय रे, काय लिहिलंय?’

घाईत केलेलं भाषांतर असं निघू शकतं: ‘कालव्याजवळ बिबट्याची मादी सापळ्यात अडकली.’ झालं! ग्रुपवर हुश्श. पोरं संध्याकाळी पुन्हा बांधावर, बाया गवताला. आणि मूळ वाक्य काय सांगत होतं? मादीचा फोटो निघालाय. म्हणजे ती मोकळी आहे आणि जवळपास फिरतेय. अर्थ बरोब्बर उलटा.

कॅमेरा ट्रॅप काही पकडत नाही. झाडाला किंवा खांबाला बांधलेला तो कॅमेरा. समोरून ऊबदार अंगाचं काही हललं की आपोआप फोटो काढतो. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, त्यामुळे फोटोवरून कोण कोणता हे ओळखता येतं. मराठीत साधं ‘कॅमेऱ्यात दिसली’ म्हणा, काम झालं.

पण ‘ट्रॅप’ इथेच थांबत नाही. शेळी किंवा कोंबडी ठेवून लावतात तो पिंजरा, तोही ट्रॅप. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेली तारेची फासकी, तोही ट्रॅप. कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या पडला, तर इंग्रजी पेपर तिथेही ‘ट्रॅप्ड’च लिहितात. पिंजऱ्यातला बिबट्या बंदिस्त असतो. फासकीतला जखमी, चवताळलेला असतो आणि तार कधी तुटेल याचा नेम नसतो. तिथे मोबाइल घेऊन पुढं जायचं नाही. शिवाय फासकी हा गुन्ह्याचा मामला, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्याला सर्वांत कडक संरक्षण आहे. विहिरीतल्या बिबट्याला मात्र खाट किंवा शिडी सोडून वर काढायचं असतं. शब्द एकच, पण तुम्ही तिथं पोचल्यावर काय करायचं ते चार प्रकारचं. ‘सापळा’ मला विचाराल तर लाचलुचपतवाल्यांकडेच राहू द्यावा.

आणि आमच्या पेपरवाल्यांचा लाडका ‘जेरबंद’? हा मुळात फारसीतून आलेला, घोड्याच्या सामानातला शब्द. घोड्यानं मान उडवू नये म्हणून बांधतात तो पट्टा. आता चोर, दरोडेखोर आणि बिबट्या, तिघेही जेरबंद होतात. मला तो खटकतो, कारण ऊस हेच ज्याचं घर झालंय तो जनावर आरोपी वाटायला लागतो.

ही भानगड फक्त इंग्रजी-मराठीची नाही. इंग्रजीतल्या ‘कॉर्नर’ला स्पॅनिशमध्ये दोन शब्द आहेत. रस्त्यावरचा तो एस्किना, खोलीतला आतला तो रिंकोन. आपण तेच काम प्रत्ययानं करतो. टपरी कोपऱ्यावर, झाडू कोपऱ्यात. ‘केव्ह’चंही तसंच. लेण्याद्रीला ‘गुहा’ म्हणून बघा, घरातली आजीच दुरुस्त करेल. माणसानं कोरलं ते लेणं, निसर्गानं केली ती गुहा.

सगळ्यात नाजूक शब्द मात्र ‘रिलीज’. ‘लेपर्ड रिलीज्ड’ याचं मराठी ‘बिबट्या सोडला’ असं केलंत, की दुसऱ्या मिनिटाला प्रश्न येतो, ‘कुठं सोडला? आमच्याकडं?’ बाहेरचे बिबटे आणून इथं सोडतात, हा संशय आपल्याकडं जुना आहे. आणि सोडण्याचे परिणाम या भागानं खरंच भोगलेत. २००१ नंतर पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याचं प्रमाण वाढलं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार, त्यानंतर जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. त्यामुळे विहिरीतून काढून तिथंच मोकळा केला, उपचार करून मूळ जागी परत नेला, की अनोळखी रानात नेऊन टाकला, हे वाक्यात आलंच पाहिजे. मूळ इंग्रजीत ते नसेल, तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. शब्दकोश इथं काही मदत करणार नाही.

एक राहिलं. घरातली जुनी माणसं ‘वाघ आला’ म्हणतात तेव्हा त्यांना दुरुस्त करू नका. डोंगराकडच्या कित्येक गावांत बिबट्याही वाघच, आणि देव म्हणून पुजला जातो तोही वाघोबाच. फक्त तेच वाक्य ग्रुपवर टाकताना ‘बिबट्या’ लिहा. नाहीतर मुंबईतला मामा रात्री अकराला फोन करून विचारेल, ‘अरे, पट्टेवाला?’