बगळा कामावर आहे

ढोंगी माणसाला आपण बगळा म्हणतो. पाण्याकाठी उभा राहून तो ध्यानाचे सोंग करतो, असा त्याच्यावर पिढ्यान् पिढ्यांचा आरोप आहे. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. पक्षिशास्त्र आम्ही कोठल्याही शाळेत शिकलो नाही. पण कॅमेरा घेऊन पाण्याकाठी बसू लागलो, तेव्हा कळले की हा आरोप खोटा आहे. बगळा ध्यान करीत नाही, तो कामावर असतो.

मुंबईत शीव-वांद्रे जोडरस्त्यालगत, मिठी नदीच्या काठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांची ही जागा पूर्वी शहराचा कचरा टाकण्याची होती. तेथे झाडे लावली गेली आणि १९९४ साली उद्यान लोकांना खुले झाले. शेजारी तिवरांचे रान असल्यामुळे बगळे, ढोकरी, खंड्या असे पक्षी तेथे दिसतात.

लहान बगळा ओळखणे सोपे आहे : चोच काळी, पाय काळे आणि बोटे मात्र पिवळी. उथळ पाण्यात तो एक पाय थरथरवतो. चिखल ढवळला की लपलेला मासा हलतो आणि चोच नेमकी पडते. हा क्षण टिपायचा तर सकाळच्या कोवळ्या उन्हात, सूर्य पाठीशी घेऊन बसावे. कॅमेरा खाली, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीत आणावा. पांढऱ्या पक्ष्यामागे काळसर पाणी असले म्हणजे यंत्र फसते. ते जादा प्रकाश घेते आणि पिसांचा नुसता पांढरा डाग उरतो. म्हणून प्रकाश आपणच थोडा कमी करावा. उडता पक्षी हवा असेल तर सेकंदाचा हजारावा भाग पुरे. पण सर्वांत जास्त लागतो तो धीर.

धीराचा धडा आम्ही शरमेने शिकलो. बगळा उडावा म्हणून एकदा आम्ही टाळ्या वाजवल्या. छायाचित्र मिळाले, पण त्या सकाळी बगळा काही तेथे परतला नाही. सक्तीने जादा काम घेणाऱ्या मालकांशी आम्ही उभा जन्म भांडलो, आणि येथे एका मुक्या जिवाची रोजी स्वतःच बुडवली!

माणसाने बगळ्याचे याहून मोठे नुकसान केले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायती टोप्यांसाठी त्याच्या तलम तुऱ्यांचा व्यापार जोरात होता. हे तुरे विणीच्या हंगामातच येतात. त्यामुळे पक्षी मारला की घरट्यातली पिलेही उपाशी मरत. याविरुद्ध १८८९ साली इंग्लंडात मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी स्त्रियांची संस्था उभारली. हिंदुस्थानातून पिसे बाहेर पाठवण्यास १९०२ साली बंदी झाली. संघटनेचे बळ पाखरांच्याही कामी आले ते असे.

आज तोच तुरा पक्ष्याला न मारता आपण घरी आणू शकतो. अट एकच : घरट्यापासून दूर राहावे, आणि बगळ्याने काम थांबवून मान ताठ केली की दोन पावले मागे सरावे. त्याची पाळी अजून संपलेली नसते.