उसाच्या पेशीतली वंशावळ

दिवाळीच्या आसपास जयसिंगपुरात ऊस परिषद भरते, पहिल्या उचलीची मागणी होते आणि मग शिरोळ तालुक्यात दुसरा विषय उरत नाही. हे पीक मुळात घडले कसे, हा प्रश्नही तितकाच विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर आपल्याला रेणूंनी दिले.

आज शेतात 86032 हा उसाचा वाण उभा असो की 265, मुळाशी मुख्यतः दोन घराणी आहेत. एक न्यू गिनीकडचा जाड, रसाळ ऊस. दुसरे पांढरे तुरे काढणारे नदीकाठचे चिवट कास गवत. 1912 साली कोइमतूरला बार्बर आणि वेंकटरामन यांनी दोघांचा संकर केला, त्यातून को 205 आला. पुढे साखर वाढावी म्हणून अशा संकरांची सांगड पुन्हा पुन्हा जाड उसाशी घातली गेली. मग कासाचा वाटा उरला किती? कांडी, डोळा, पान पाहून ते कळत नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे शंभराच्या वर भरत, पण कोणते कुणाचे हे ओळखणार कसे?

1996 साली फ्रेंच संशोधकांनी रीयुनियन बेटावरच्या आर 570 या वाणावर ते करून दाखवले. दोन्ही घराण्यांच्या डीएनएला वेगवेगळे चमकते रंग लावून तो उसाच्या गुणसूत्रांवर सोडला. डीएनएचा धागा आपल्याशी जुळणाऱ्या धाग्यालाच घट्ट चिकटतो, म्हणून प्रत्येक गुणसूत्राने आपापल्या घराण्याचा रंग धरला. बहुतेक गुणसूत्रे जाड उसाची निघाली, थोडी कासाची. काही मात्र एका टोकाला या रंगाची, तर दुसऱ्या टोकाला त्या! दोन जातींची गुणसूत्रे संकरात तुटून एकमेकांना जोडली गेली होती. उत्क्रांतीच्या वृक्षाला फक्त फांद्या फुटत जातात, असे आपण शिकतो. इथे दूर गेलेल्या फांद्या पुन्हा एक झालेल्या डोळ्यांना दिसतात. माझ्या मते याहून बोलका पुरावा शोधूनही सापडणार नाही.

अशा फांद्या फुटतात कधी, हेही डीएनएच सांगतो. त्यातले बदल काळाबरोबर साचत जातात, हा विचार 1960च्या दशकात झुकरकँडल आणि पॉलिंग यांनी मांडला. त्या हिशेबाने ऊस आणि आपला शाळू काही दशलक्ष वर्षांपूर्वी वेगळे झाले.

2024 साली त्याच आर 570चा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. तांबेऱ्याला दीर्घकाळ दाद न देणाऱ्या त्याच्या ताकदीमागे शेजारी-शेजारी असलेली दोन जनुके असावीत, हे त्यातून पुढे आले. गुणसूत्राच्या त्या भागाची खूण आधीच हाती आली होती. त्यामुळे ही ताकद रोपात उतरली का, हे पानाच्या तुकड्यावरून तपासता येते. त्यासाठी शेतात तांबेरा पडायची वाट पाहावी लागत नाही.