अक्षरांतून शब्द : इंग्रजीच्या तासाचा एक खेळ

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत २००० सालापासून इयत्ता पहिलीत इंग्रजी शिकविण्यास आरंभ झाला. ‘सी-ए-टी कॅट’ हा घोष तेव्हापासून खेडोपाडीच्या पहिलीच्या वर्गांतूनही उठू लागला. घोष करणारे मूल तो शब्द पाटीवर अचूक लिहिते. परंतु ‘सी’ पुसून तेथे ‘एच’ लिहिला, तर तेच मूल पुष्कळदा गप्प राहते. शब्द पाठ झाला, अक्षरे मात्र हाती आली नाहीत, असा याचा अर्थ होय. असे मूल वरच्या इयत्तेत गेले तरी नवा शब्द स्वतःहून वाचू शकत नाही. ही उणीव दूर करण्यास, ठरावीक अक्षरे देऊन त्यांतून शब्द शोधावयास लावणे हा एक सोपा व बिनखर्ची उपाय आहे.

मुलांची अडचण कोठे आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार बहुतांशी बरोबर चालतात. इंग्रजीत तसे नाही. मुंबईच्या उपनगरांतील रेल्वे स्थानकांची नावे पाट्यांवर देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत असतात. ती फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. ‘घाटकोपर’ची अक्षरे देवनागरीत ५, रोमनमध्ये ९, ‘अंधेरी’ची ३ व ७, ‘मुलुंड’ची ३ व ६. ‘घ’साठी ‘जी’ आणि ‘एच’ अशी दोन अक्षरे लागतात, तर ‘धे’साठी ‘डी’, ‘एच’, ‘ई’ अशी तीन. भेंड्या खेळतानाही हाच फरक आडवा येतो. ‘टेबल’चा शेवट कानाला ‘ल’ वाटतो. लिहिताना तो ‘ई’ आहे. म्हणून इंग्रजी भेंड्या उच्चाराच्या की अक्षरांच्या, हे शिक्षकांनी खेळापूर्वीच स्पष्ट करावे.

आता शोधण्याची रीत. नावात जे अक्षर जितक्या वेळा आले असेल, तितक्याच वेळा ते एका शब्दात वापरावयाचे, हा नियम. ‘अंधेरी’ घ्यावे : ए, एन, डी, एच, ई, आर, आय. प्रथम एक स्वर निवडावा व त्याच्या मागेपुढे व्यंजने ठेवून पाहावीत. ‘ई’ घेतल्यास ‘हेन’, ‘रेड’, ‘एंड’ मिळतात. ‘ए’ घेतल्यास ‘हँड’. नंतर स्वरांच्या जोड्या कराव्यात. ‘ए-आय’ने ‘रेन’ आणि ‘हेअर’, तर ‘ई-ए’ने ‘इअर’, ‘हेड’ व ‘रीड’ सापडतात. जोडी तीच असून उच्चार वेगवेगळे, हे मुलांच्या आपोआप ध्यानी येते. शेवटी अनुच्चारित ‘ई’ लावून पाहावा : ‘हिड’चे ‘हाइड’ होते, ‘रिड’चे ‘राइड’ होते.

खेळासाठी नाव निवडताना त्यातील स्वर मोजावेत. ‘मुलुंड’मध्ये ‘यू’वाचून दुसरा स्वर नाही, म्हणून ‘मड’ म्हणजे चिखल, याखेरीज लहान मुलांच्या ओळखीचा शब्द त्यातून क्वचितच निघेल. ‘घाटकोपर’मधून ‘हॅट’, ‘पॉट’, ‘गोट’, ‘पार्क’, ‘पाथ’ आणि ‘ग्राफ’ निघतात. ‘पी-एच’ मिळून ‘फ’ होतो, हेही कळते. ‘बोरिवली’तून ‘ऑइल’, ‘बॉइल’, ‘रेल’ मिळतात. यानंतर आपल्या गावाचे नाव घ्यावे. मुलांचा उत्साह दुणावेल.

शब्दकोशात पहिल्या अक्षरावरून शब्द सापडतो. मधल्या वा शेवटच्या अक्षरावरून सापडत नाही. याकरिता वर्गाने स्वतःचा शब्दतक्ता करावा. ‘एक्स’ शेवटी असलेले ‘बॉक्स’, ‘फॉक्स’, ‘सिक्स’ एका रकान्यात. ‘क्यू’मागोमाग ‘यू’ येणारे ‘क्वीन’, ‘क्विक’ दुसऱ्यात. ‘व्ही’ने शब्द सहसा संपत नाही, म्हणून ‘गिव्ह’, ‘हॅव’ यांना ‘ई’ लागतो. त्यांचा रकाना वेगळा.

कोणते अक्षर किती लागते, याचा विचार अमेरिकेतील वास्तुविशारद अल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून केला. त्यांच्या खेळास १९४८ मध्ये ‘स्क्रॅबल’ हे नाव मिळाले. त्याच्या इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांत ‘ई’च्या १२ असून प्रत्येकीस १ गुण आहे, ‘क्यू’ व ‘झेड’ यांची एकेकच असून तिला १० गुण आहेत. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांवर अशीच अक्षरे लिहून शाळेत संच करता येईल. त्यात स्वर भरपूर असावेत.

खेळात चुकलेल्यास बाद करू नये. ज्याला सरावाची गरज अधिक, तोच त्यामुळे बाहेर बसतो. गट पाडावेत व पहिली संधी मागे राहणाऱ्या मुलास द्यावी. अर्थ सांगता आला तरच शब्द मोजावा. शंका आल्यास शिक्षकांनी मुलांसमक्ष शब्दकोश उघडावा. त्यात कमीपणा नाही. दररोज दहा मिनिटे पुरेत. फळ्यावरील ‘सी’ पुसून ‘एच’ लिहिताच जे मूल आपण होऊन ‘हॅट’ म्हणेल, त्याला वाचनाची वाट सापडली असे समजावे.