निर्वाचनातील स्त्री-आरक्षण
निर्वाचनातील स्त्री-आरक्षण : लोकनियुक्त संस्थांतील काही जागा केवळ स्त्रियांमधून भरल्या जाव्यात, अशी विधिनियमाने केलेली तरतूद. तिचे प्रमाण किती असावे याइतकाच, ती करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार (सीडॉ) संमत केला. त्याच्या चौथ्या अनुच्छेदानुसार समता त्वरेने साधण्यासाठी योजलेले तात्पुरते विशेष उपाय भेदभाव ठरत नाहीत. सातवा अनुच्छेद मतदानाच्या व निवडून येण्याच्या समान हक्काविषयी आहे. जागा किती राखाव्यात, हे मात्र करारात सांगितलेले नाही. करारान्वये नेमलेली समिती राष्ट्रांचे अहवाल तपासते व शिफारशी करते. कोणत्याही देशाची निवडणूक रद्द करण्याचा अधिकार तिला नाही. भारताने ९ जुलै १९९३ रोजी कराराचे अनुसमर्थन केले. पण वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेण्याविषयीचे कलम आपणास बंधनकारक नाही, असे त्याच वेळी नमूद केले.

त्यामुळे वर्धेकाठच्या कौंडण्यपूरसारख्या (अमरावती जिल्हा) गावातील स्त्रीला पंचायतीत मिळणारी राखीव जागा ही सर्वस्वी देशी विधिनियमांची निर्मिती होय. कालक्रमही हेच दर्शवितो. महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के आरक्षण १९९० मध्येच आणले. पंचायतींत किमान एक-तृतीयांश जागा राखणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून, म्हणजे अनुसमर्थनाच्या अडीच महिने आधी, अंमलात आली. २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण ५० टक्के केले. त्याही पूर्वी, १९८९ मध्ये, शेतकरी संघटनेच्या प्रेरणेने मेटीखेडा (यवतमाळ जिल्हा), विटनेर (जळगाव जिल्हा) इ. गावांत संपूर्ण स्त्रियांच्या पंचायती निवडून आल्या होत्या.

विधिनियमाच्या सामर्थ्यालाही सीमा आहेत. राखीव जागा आळीपाळीने बदलत असल्याने कारभार शिकलेल्या सदस्येला पुढील खेपेस आपल्याच प्रभागात आरक्षणाचा आधार राहीलच असे नाही. आणि सरपंचपदी पत्नी असता कारभार पतीने पाहावा, हा प्रकार सर्वपरिचित आहे.

लोकसभेत असे आरक्षण नसतानाही अमरावतीतून उषा चौधरी (१९८०, १९८४) व प्रतिभा पाटील (१९९१) निवडून आल्या. लोकसभा व विधानसभांत एक-तृतीयांश जागा राखणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली. तिच्या मूळ पाठानुसार हे आरक्षण नंतरच्या जनगणनेवर व तदनुसार होणाऱ्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर अवलंबून ठेवण्यात आले.