डॅशबोर्डवरचं चौकोनी भोक

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. त्या पहिल्या बनावटीच्या गाड्या आता हौशी लोक जिवापाड जपतात. इंजिनाचं काम करणारे सापडतात. आतलं प्लास्टिक दुरुस्त करणारे मात्र मोजकेच.

गॅरेजात आलेल्या अशाच एका गाडीच्या डॅशबोर्डच्या पट्टीत कुणीतरी कॅसेट प्लेअरसाठी वेडंवाकडं भोक पाडलंय. कडा वितळून फुगल्यात, कोपऱ्यातून चीर गेलीय. मालकाला मूळ रूप परत हवंय, शिवाय मोबाइल चार्ज करायला एक सॉकेट.

प्लास्टिक कोणत्या जातीचं हे ओळखायला मिस्त्री आधी पाण्याचा वाडगा मागवतो. पट्टीच्या मागून नखाएवढा कपचा काढून पाण्यात टाकतो. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. त्याला साधा गोंद धरत नाही, रंगही पापुद्र्यासारखा सुटतो. हा कपचा बुडतो. मग त्यावर ॲसिटोनचा थेंब. पृष्ठभाग चिकट होतो, म्हणजे एबीएस असणार. एवढी दोन मिनिटं वाचवायला गेलं की पुढचं सगळं काम उखडतं.

चीर पुढे पळू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक ड्रिल. भोकाच्या कडा कानशीने उतरत्या करून मागून त्याच जातीच्या प्लास्टिकचं ठिगळ. भंगारातल्या एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजवून श्रीखंडाइतका घट्ट लगदा तयार असतो, तोच भराव. ॲसिटोन उडेल तसा तो आकसतो, म्हणून एकदम थापायचा नाही. पातळ थर, मध्ये भरपूर वेळ. दारं सताड उघडी, जवळपास काडीही पेटवायची नाही.

घासून सपाट झालं की खरी परीक्षा सुरू होते, कारण मूळ प्लास्टिकवर चामड्यासारखी सुरकुती आहे आणि गुळगुळीत ठिगळ लांबूनही डोळ्यांत खुपतं. पट्टीच्या धड भागावर सिलिकॉन रबर ओतून त्या सुरकुतीचा ठसा आधीच घेतलेला असतो. वर लांबीचा पातळ हात, आणि ती ओली असतानाच ठसा दाबायचा. पहिला दाब सरकतो. मिस्त्री काही न बोलता सगळं पुसून पुन्हा लांबी लावतो. दुसऱ्यांदा रेषेला रेष मिळते. मग प्लास्टिकचा प्रायमर, त्यावर बिनचमकेचा रंग.

सॉकेटसाठी मात्र तो नवं भोक पाडत नाही. पत्र्याची छोटी पट्टी वाकवून डॅशबोर्डखालच्या जुन्याच स्क्रूला अडकवतो. उद्या नको झालं तर एक स्क्रू काढायचा.