‘डुबुक’ सांगते विहिरीची खोली

विहिरीत खडा टाकायचा आणि ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंत कान देऊन थांबायचं, हा खेळ लहानपणी कितीतरी जणांनी खेळलेला असतो. त्याच खेळात विहिरीची खोली मोजण्याचं गणित आहे. दोर नको, टेप नको, फक्त घड्याळ हवं!

हातातून सुटलेल्या खड्याचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. पहिल्या सेकंदाच्या आरंभी वेग शून्य, अखेरीस ९.८, सरासरी ४.९. म्हणून त्या सेकंदात खडा ४.९ मीटर पडतो. दुसऱ्या सेकंदात वेग ९.८ वरून १९.६ वर जातो. सरासरी १४.७, म्हणजे बरोबर तिप्पट! तिसऱ्या सेकंदात पाचपट. १, ३, ५, ७... विषम संख्यांची रांगच लागते. त्यांची बेरीज करत गेलं, तर १, ४, ९, १६ असे वर्ग मिळतात. तीन सेकंदांत खडा ४.९ च्या नऊपट, ४४.१ मीटर खाली जातो.

ही रांग गॅलिलिओने ओळखली. सरळ पडणारी वस्तू हातात सापडत नाही, म्हणून त्याने लाकडी फळीला खोबण पाडली, फळी तिरकी ठेवली आणि काशाची गोळी घरंगळत सोडली. वेळ मोजायला पाण्याची बारीक धार लावली. जमलेल्या पाण्याचं वजन म्हणजे गेलेला वेळ! १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या ग्रंथात त्याने हे लिहून ठेवलं आहे.

पण ‘डुबुक’ तीन सेकंदांनी ऐकू आलं, तर विहीर ४४ मीटर खोल नसते. आवाजालाही वर यायचं असतं. खडा जाताना वेग वाढवत जातो. आवाज येतो तो एकाच चालीने, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. अंतर दोघांचं एकच, वेळांची बेरीज तीन सेकंद. एवढ्यावरून उत्तर निघतं: खड्याला २.८८ सेकंद, आवाजाला ०.१२ आणि खोली सुमारे ४०.६ मीटर. हवेचा किरकोळ अडथळा इथे सोडून दिला आहे.

पापणी लवायच्या वेळात साडेतीन मीटरचा फरक! कारण पाण्याला टेकताना खडा तासाला शंभर किलोमीटरच्या वेगात असतो.

एखाद्या जुन्या विहिरीवर गेलात, तर कठड्याआड उभे राहून हे जरूर करून पाहा. फक्त खडा फेकू नका, नुसता सोडा. कारण सगळा हिशोब शून्य वेगापासून सुरू होतो.