फोन उचलणाऱ्याची परीक्षा

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार महिलांसाठी मी प्रथमोपचाराचे वर्ग घेते. जन्मभर परिचारिका म्हणून काम केलं, निवृत्तीनंतर हे. वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, "सिस्टर, घरातलं माणूस पडल्यावर 108वाले गाडी पाठवायची सोडून प्रश्न कशाला विचारतात?" मी सांगते, बाई गं, उपचार त्या प्रश्नांपासूनच सुरू होतो.

महाराष्ट्रात 108 रुग्णवाहिका सेवा 2014 साली सुरू झाली, ती 937 गाड्यांची. त्यांतल्या 233 प्रगत जीवरक्षक सोयींच्या. आपण सांगोल्यातून फोन केला तरी तो पुण्यात औंधच्या नियंत्रण कक्षात घेतला जातो. तिथल्या माणसाला रुग्ण दिसत नाही, फक्त आपला घाबरलेला आवाज ऐकू येतो. "वडाळ्याहून बोलतोय" म्हटलं, तर ते मुंबईचं वडाळा की उत्तर सोलापूर तालुक्यातलं? "अक्कलकोट रोड" म्हणजे शहरातली एमआयडीसी की थेट अक्कलकोट? पत्ता चुकला की गाडी चुकली.

त्याहून अवघड भाग पुढे आहे. हृदय थांबलेला माणूसही थोडा वेळ घशातून घरघर करतो, मधूनच आचके देतो. घरचे सांगतात, "श्वास चालू आहे, घोरतायत." शिक्षण नसलेला कान यावर विसंबतो. शिकलेला माणूस विचारतो, "हाक मारल्यावर ओ देतायत का? छाती नीट वर-खाली होतेय का?" दोन्हीला नाही आलं, की तो क्षणही न दवडता सांगू लागतो: जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मधोमध तळहात ठेवा, जोरात दाबा. मोठ्या माणसाची छाती किमान 5 सेंटीमीटर खाली जायला हवी, मिनिटाला 100 ते 120 वेळा. रक्तपुरवठा थांबल्यावर 4 ते 6 मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. मोहोळकडच्या एखाद्या वस्तीवर तेवढ्यात गाडी कुठून पोहोचणार? तोवर जीव धरून ठेवतात ते घरच्यांचे हात आणि फोनवरचा आवाज.

हे कौशल्य शिकवता येतं. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत डॉ. जेफ क्लॉसन यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस फोनवर विचारायचे प्रश्न आणि द्यायच्या सूचना क्रमानं लिहून काढल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रमाणपत्रासाठी तीन दिवसांचा अभ्यासक्रम, सीपीआरचं प्रशिक्षण आणि लेखी परीक्षा असते. दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. तिथल्या काही राज्यांनी असं प्रशिक्षण कायद्यानंच सक्तीचं केलं आहे, तर काही ठिकाणी निर्णय त्या त्या केंद्रावर सोडला आहे.

आपल्याकडे मला परिचारिका होण्यासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागली. रुग्णवाहिकेच्या चालकाला परवाना लागतो. 2021च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत रुग्णवाहिकेतल्या आपत्कालीन तंत्रज्ञाचं नाव आलं. फोन घेणाऱ्याचा मात्र तिथे वेगळा उल्लेख नाही. सल्ल्यासाठी नियंत्रण कक्षात डॉक्टर असतात, पण पहिला आवाज कानी पडतो तो फोन घेणाऱ्याच्या.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. राज्यानं या कामाला स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता द्यावी. ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि ठरावीक मुदतीनं फेरपरीक्षा असावी. झालेल्या संभाषणांची तपासणी होऊन ती पुढच्यांना शिकवण्यासाठी वापरावीत. आणि आमच्या जिल्ह्यासाठी तेलुगू, कन्नड जाणणारी माणसं प्रत्येक पाळीत हवीत. पूर्व भागातली आजी घाबरली की मराठी विसरते.

तोवर आपल्या हाती आहे ते आपण करू. 108 लावल्यावर आधी गाव, तालुका आणि जवळची खूण सांगा. मग रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास नीट आहे का, ते सांगा. फोन स्पीकरवर ठेवा आणि समोरचा सांगेपर्यंत तो बंद करू नका.